हलका शेंदूर

२८ सप्टेंबर, रविवार

इथल्या दारांची भीती अजून गेलेली नाही. ओढलं की आपोआप कुलूप लागतं. किल्ली आत राहिली तर आपण रस्त्यावर. म्हणून किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात घातली आहे, मंगळसूत्राशेजारी. तेरेझा हसली. स्टुडिओची सगळी व्यवस्था तिच्याकडे, वयाने माझ्याएवढीच. तिला सांगितलं, आमच्या अमडापूरला दार नुसतं लोटून बाई दळण घेऊन येते. 'दळण' काही समजावता आलं नाही.

पोर्तुगालमधलं हे गाव टेकडीवर. घरं चुन्याने पांढरी, खाली निळा पट्टा. समोरची म्हातारी सकाळी भिंतीला चुना देत होती, डोक्याला रुमाल, लांब दांड्याचा कुंचला. दरवर्षी देतात म्हणे. थरावर थर बसून भिंतींचे कोपरे गोल झालेत, जुन्या उशीसारखे. हात लावून पाहिला आणि घरची विहीर आठवली. काठावरच्या सात आसरा, पाण्याच्या देवी. तिथे आता दगड दिसतच नाहीत, शेंदराचे सात गोळे दिसतात. सासूबाई (मी आईच म्हणते) दर मंगळवारी वाटीत शेंदूर आणि तेल कालवून तळहाताने लावतात. त्यांच्या आधी त्यांच्या सासूबाई लावायच्या.

दोन वर्षांमागे एका आसरेची खोळ गळून पडली. शेंदराचं अख्खं कवच सुटलं, आतला काळा दगड उघडा. खोळ नदीत सोडतात. मी आईंकडे तिची एक ढलपी मागितली. त्यांनी एक उचलून दिली. मग, "ठेव. पन पाय लागन अशा जागी ठेवू नको."

ती ढलपी इथे आणली आहे. आडवी धरली की थर दिसतात, गडद, फिका, गडद. कुठला थर कुणाच्या हाताचा, सांगता येत नाही. माझी सगळी कापडं तिच्यातूनच निघाली: जाड सुती कापड, त्यावर तेल-शेंदराचे थर, ब्रशने आणि तळव्याने. त्यासाठीच इथल्या स्टुडिओने राहायला बोलावलं, शेवटी प्रदर्शन. अजून विश्वास बसत नाही.

३० सप्टेंबर

काम सुरू. उजेड फार वेगळा, शेंदूर इथे जास्त पिवळा दिसतो.

ब्रशचं टोक ओठांत जुळवून रेघ ओढली, तर तेरेझा दारात उभी. "नेहमी असंच करतेस?" हो म्हटलं. चिखलीला पेंटरकडे पाट्यांची अक्षरं शिकले तेव्हापासूनची सवय. बारीक रेघ हवी तर टोक ओठांत. लेकीने, मयूरीने, माझं बघून तेच उचललं.

संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल. "आई, पुण्यावाल्यांचं मोठं कापड मी करून राह्यली. दुसरा थर झाला. तुह्यावानीच दिसते, कोनाले कळणार बी नाही." गालावर शेंदराचा फराटा. पाचवा महिना. या खेपेला तिला जळगाव जामोदहून लवकरच माहेरी आणलं. मागच्या वर्षीचं झाल्यापासून तिच्या सासरचेही धास्तावलेले. तेव्हा तिसऱ्याच महिन्यात

नाही लिहीत.

१ ऑक्टोबर

इथला नियम आहे, बाहेरून आणलेला रंग तपासून घ्यायचा. शेजारच्या शहरातून एक माणूस पिस्तुलासारखं यंत्र घेऊन येतो. आज आला. माझ्या डबीवर टेकवलं. मग कापडावर. मग ढलपीवर. तेरेझाशी त्याच्या भाषेत बोलत राहिला, दोघं माझ्याकडे बघत नव्हती. त्यावरूनच काहीतरी कळलं.

शिसं. जवळजवळ सगळंच शिसं.

तेरेझा म्हणाली, इथले कुंभार पूर्वी भांड्यांना झिलई द्यायला हीच लाल पूड वापरायचे, कधीच बंद झालं ते. डबीवर काय लिहिलंय, तिने विचारलं. डबीवर मारुतीचं चित्र आहे. तेच दाखवलं.

"घरी आणखी कोण वापरतं?"

मी म्हणाले, "देव." मग म्हणाले, "माझी मुलगी." पुढचं इंग्रजीत म्हणायचा धीर झाला नाही. पोटावर हात ठेवून दाखवलं. तेरेझाचा हात तोंडाशी गेला. लगेच खाली घेतला तिने. पण मी पाहिला.

२ ऑक्टोबर

नखं घासतेय. काही दिसत नाही तरी घासतेय.

जिभेवर धातूची चव आहे की मला वाटतं आहे? वर्षभर नावं विसरते. शेजारणीचं, भाचीच्या नवऱ्याचं. वाटलं, वय. बोटांची पेरं दुखतात. वाटलं, वय. आता प्रत्येक गोष्ट उलटून बघते.

तेरेझाने वाचून दाखवलं, आईच्या रक्तातून ते बाळाकडे जातं. हे वाक्य तिने हळू आवाजात वाचलं, जणू त्याने कमी होईल.

मयूरीचा फोन आला, मी कापला. मग तिचा मेसेज: 'आई तिसरा थर कधी देऊ, वाळलं कापड.' मी लिहिलं, 'थांब. सांगते.' याहून जास्त लिहायला बोट उचललं नाही. ती हे एकटी वाचेल, एक हात पोटावर ठेवून. नको.

पण थांब म्हटल्यावर ती थांबते थोडीच.

३ ऑक्टोबर

यांना फोन केला. कृषी केंद्रात होते, मागे गिऱ्हाइकांचा आवाज. "थांब, बाहेर येतो." मी सांगितलं. पलीकडे नुसता ट्रॅक्टर ऐकू येत राहिला.

"शोभा, माह्या दुकानात औषधाच्या हरेक डब्ब्यावर विषाचा लाल तिकोन असते. कास्तकाराले मी मास्क घेतल्याबिगर जाऊ देत नाही. आन् माह्या घरात..."

"मला काय माहीत होतं?"

"मले बी कुठं माहीत होतं. देवाचं चित्र असते न त्याच्यावर." मग, "आईले सांगू?"

"नको."

"मयूरीले?"

"मी आल्यावर सांगते. तोवर खोलीला कुलूप लावा."

"आन् काय सांगू तिले?"

"सांगा काहीतरी."

४ ऑक्टोबर

म. चिडलेली. "बाबानं स्टुडिओले कुलूप लावलं! काऊन म्हणलं तं म्हणते उंदरं झाले, औषध टाकलं. उंदरं कुठं दिसले त्याईले? कापड तसंच राह्यलं न आतमध्ये."

मी म्हटलं, राहू दे कापड. हात धुतलेस?

"आई, मी काय दोन वर्षांची हाय का?" मग एकदम थांबून, "तू काऊन अशी रडल्यावानी बोलून राह्यली? जेवतं का नाही तिकडं?"

जेवते म्हटलं. सकाळपासून पावाचा एक तुकडा.

५ ऑक्टोबर

हातात काम धरवत नाही. गावात फिरले. चर्चमध्ये मेरीची लाकडी मूर्ती. बायका येतात, पायाला हात लावतात. पाय झिजून बोटं सपाट झालीत. इकडे हात लागून देव झिजतो, आमच्याकडे हात लागून देव वाढतो. एरवी हे सुचल्यावर मी आनंदाने वहीकडे धावले असते. आज तिथल्या बाकावर बसले आणि आमच्या आसरा किती वाढल्या आहेत त्याचा विचार करत राहिले. तेवढं सगळं शिसं. तेवढे सगळे हात.

समोरच्या म्हातारीने आज कुंचला माझ्या हातात दिला. हसत होती. मी थोडी भिंत रंगवली. मग तेरेझाला विचारलं, चुन्यात काय असतं? ती म्हणाली, चुना. आता मी प्रत्येक गोष्टीबद्दल हेच विचारत बसणार आहे.

प्रदर्शन अकरा तारखेला उघडतंय. तेरेझाला सांगितलं, मी थांबत नाही. वाटलं होतं रागावेल. तिने तिकिटाचं बघायला घेतलं.

७ ऑक्टोबर

निघाले. ढलपीसाठी त्यांनी काचेची पेटी केली, चारी बाजू बंद. खाली चिठ्ठी: हात लावू नका, विषारी. मी त्या पेटीसमोर उभी राहिले. आसरा काचेत. तिच्या नावाखाली विष असं लिहिलेलं. पाया पडावं की मागे सरकावं कळेना. दोन्ही केलं.

परत नेऊ दिली असती तरी मी नेली असती का? माहीत नाही. तेरेझाला एवढंच म्हटलं, प्रदर्शन संपल्यावर उंच ठेव, पाय लागणार नाही अशी. तिने कारण विचारलं नाही. मिठी मारली. तिच्या अंगाला भिजल्या मातीचा वास.

विमानात शेजारी एक तरुण बाई, मांडीवर तान्हं. मी हात धुऊन आले होते, तरी त्याच्या पायाला लावला नाही.

९ ऑक्टोबर

मलकापूर स्टेशनला हे घ्यायला आले. एवढ्या दिवसांनी भेटलो आणि बॅग उचलण्याशिवाय काही सुचलं नाही. दोन्ही बाजूंनी फुटलेला कापूस. मोताळा गेलं. राजूर घाटात यांनी गाडी बाजूला घेतली.

"तू सांगशीन का मी सांगू?"

"मी."

"मले झोप नाही लागत व. ते पोट्टी दिसली का मले दुकानातले डब्बे दिसते."

घरी आले तर म. दारात. पोट दिसायला लागलंय. मला मिठी मारायला आली आणि मी, काय करू, आधी तिची नखं बघितली.

१० ऑक्टोबर

सांगितलं. आई विहिरीवरून पाणी आणायला गेल्या होत्या तेवढ्यात. म. मेथी निवडत होती. मी बोलत राहिले, ती निवडत राहिली. मग हात थांबले.

"म्हणजे मागच्या वर्षी..."

मागच्या वर्षी लग्नानंतर पहिल्यांदा राहायला आली तेव्हा रोज माझ्याशेजारी बसून शेंदूर घोटायची. दिवस गेलेत हे तेव्हा तिलाही ठाऊक नव्हतं. माझ्या मनात हे पोर्तुगालपासून होतं. तिला ते उमगायला मेथीची अर्धी जुडी लागली.

"माहीत नाही," मी म्हटलं.

"पन तुले काय वाटते?"

"खरंच माहीत नाही ग."

"आजी म्हणते, आसराले हात लावला नाही म्हणून झालं. तू म्हणतं, लावला म्हणून झालं." ती हसली. तसं हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. "लावू का नको लावू? दोघी मिळून नक्की करा एकदाचं."

मग उठून मोरीत गेली. साबण लावून हात धुवत राहिली. नळ चालू. मी मागे टॉवेल घेऊन उभी. बंद कर म्हणवेना.

१३ ऑक्टोबर

चिखलीला दाखवलं. डॉक्टरबाई तरुण आहेत. "शेंदूर? तो खायचा थोडीच असतो?" म.ने ब्रश ओठांत घेऊन दाखवला. मग बाईंनी पेन खाली ठेवलं.

ही तपासणी इथे होत नाही, रक्त बाहेर पाठवावं लागतं. दोघींचं घेतलं. शेंदराला स्पर्श नको, हेच पहिलं औषध म्हणाल्या. दूध, नाचणी, गोळ्या चुकवायच्या नाहीत. सोनोग्राफी झाली. पडद्यावर ते पाठमोरं होतं, पाठीच्या कण्याची मण्यांची माळ. "आत्ता सगळं ठीक दिसतंय." घरी येईपर्यंत तो 'आत्ता' माझ्याबरोबर होता.

आईंना यांनी आडवळणाने सांगितलं, रंगात काहीतरी खराब आहे, तुझंही रक्त तपासू. "माह्यं रगत काय कराचं आता? जनम गेला लावता लावता. काय झालं मले? सांग न, काय झालं?"

त्यांना काही झालं नाही. सत्तरीत हांडा उचलतात. आईंना पाच मुलं झाली, तीन राहिली. त्या दोघांबद्दल आज पहिल्यांदाच काहीतरी मनात आलं. लगेच दुसरीकडे बघितलं. त्या समोरच बसल्या होत्या, मला भीती वाटली की चेहऱ्यावर दिसेल.

१९ ऑक्टोबर

दिवाळीची झाडझूड. स्टुडिओ मी एकटीने पुसून काढला. झाडू नाही, ओल्या फडक्याने, यांनी दिलेला फवारणीचा मास्क लावून. म. खिडकीबाहेर लांब उभी. "आई, तू कपाशी फवारून राह्यली का दिवाळी करून राह्यली?" हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

पुण्याचं कापड गुंडाळून प्लास्टिकमध्ये. त्याच्यावर तिचे दोन थर आहेत, खरंच माझ्यासारखेच. कोपऱ्यात, कोऱ्या कापडावर, तिच्या अंगठ्याचा ठसा.

डब्यांतला शेंदूर टाकायचा कुठे? नदीत सोडायचा तर खाली लोक पाणी भरतात. उकिरड्यावर नको, तो देवाचा. शेवटी यांनी दुकानात नेला, मुदत संपलेल्या औषधांच्या कपाटात कुलूप लावून ठेवला. विषाशेजारी शेंदूर. कुणाची आधी माफी मागायची?

आईंची देवघरातली डबी तशीच आहे. तिला हात लावायची माझी हिंमत नाही.

२८ ऑक्टोबर

माझं आलं. असायला हवं त्यापेक्षा बरंच जास्त. डॉक्टरबाई शांतपणे बोलत होत्या, मी त्यांच्या टेबलावरचं पेपरवेट बघत होते. आतमध्ये फूल अडकवलेलं.

म.चा नमुना वाटेत खराब झाला. परत रक्त घेतलं. परत वाट.

खरं लिहायचं तर क्षणभर सुटल्यासारखं वाटलं, आणखी काही दिवस माहीत नसेल. आणि लगेच त्याच्या उलट. माझं एवढं, तर तिचं किती? ती माझ्याहून कमी वेळ बसायची. पण माझ्याहून जवळ. बारीक कामं तिची, कडा तिच्या. टोक ओठांत.

घरी येताना बसमध्ये ती म्हणाली, "आई, तुह्यं जास्त आलं न? मग तू दूध पेत जा आधी." माझा हात घट्ट धरून होती. मला धीर देत होती.

२ नोव्हेंबर

आई जेवताना म्हणाल्या, "येत्या मंगयवार सोडून त्याच्या पुढच्या मंगयवारी पोरीले आसराले न्याचं. सातवा लागते. मांगच्या टायमाले राह्यलं ते राह्यलंच."

आमच्या घरची रीत. पहिलटकरीण स्वतःच्या हाताने सातही जणींना शेंदूर लावते, आणि मग तोच हात पोटाला. मीही केलं होतं म.च्या वेळी. ते पोट, तो हात, सगळं आठवलं.

मी सांगून टाकलं. सगळं. हे भाकरी कुस्करत राहिले.

आईंनी ऐकून घेतलं. "शिसं म्हंजे बंदुकीच्या गोया बनवते ते?"

"हो आई."

"मंग आसरा माह्या नातीच्या लेकराले गोयी मारन का? तिच्या घरचं लेकरू ते."

"आसरा नाही मारणार. डबी..."

"डबी कोनाची हाय? तिचीच हाय न." पाण्याचा तांब्या उचलला. "मांगच्या वर्सी तू म्हणली, एवढी काय घाई, जाऊ पुढं. गेलो नाही. काय झालं थे तुले माहीत हाय. आता मले भेव वाटते, शोभा. तुले तुह्या डाक्तरचं भेव. मले माह्यं हाय."

त्या भितात हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

६ नोव्हेंबर

ठरवलं. शेंदूर बनवायचा. खोटा.

गेरू घोटला, वस्त्रगाळ केला. हळद. जवसाच्या तेलात तपकिरी जातो, गोडेतेलात बरा. गेरूचा लाल मातकट, शेंदराचा लाल आतून पेटलेला. हळद वाढवली तर पिवळा मारतो. दिवसभर बशांवर ठिपके. म. दूर खुर्चीवर बसून बघते. तिला सांगितलंय.

"आजीले सांगितलं?"

"नाही."

"म्हणजे आजीले फसवाचं. आन् आसराले बी."

"हो."

तिने मान वाकडी करून बशा बघितल्या. "थे तिसरी. तिच्यात हळद थोडी कमी कर."

तिची नजर माझ्याहून चांगली आहे, नेहमीच होती.

९ नोव्हेंबर

जमलं. उन्हात ओळखू येईल, पण विहिरीवर कडुलिंबाची सावली असते. वास येऊ नये म्हणून हळद आधी तेलात तापवून गाळून घेतली. आईंच्या डबीतला शेंदूर काढून पिशवीत बांधला, डबी फडक्याने पुसली, धुतली, वाळवली, गेरू भरला. देवघरासमोर बसून हे केलं.

आजवर रंग खरा दिसावा म्हणून काम केलं. हे पहिलंच, कुणाला कळू नये म्हणून केलेलं.

आणि काही वाईट झालंच, तर? आता कारण मी असेन. शेंदराने झालं तरी मी, शेंदूर नव्हता म्हणून झालं तरी मीच.

११ नोव्हेंबर, मंगळवार

लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

विहिरीवर आम्ही तिघी, शेजारच्या कमलाबाई आणि गल्लीतल्या दोन बायका. म.ला हिरवी साडी. आईंनी सातही जणींना पाणी घातलं. मी डबीतला रंग वाटीत तेलाने कालवला, पाठ उन्हाकडे करून. कमलाबाई म्हणाल्या, "लय दिवसानं लाल कालवला व शोभाताई, हातच नाही लावू देत आजकाल घरात कोनाले." म्हणजे गल्लीत माहीत आहे.

वाटी आईंच्या हातात दिली. त्यांचं मनगट एकदम वर उचललं गेलं.

शेंदूर जड असतो. मुठीएवढी वाटी, पण हाताला ओढ देते. आईंचा हात ते वजन धरायला तयार होता, आणि वजन आलंच नाही. रंग जुळवला मी. वास जुळवला. वजनाचं सुचलंच नाही.

त्यांनी वाटी जरा तोलली. माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्या डोळ्यांवरून नजर काढली नाही. विहिरीत कुठेतरी पाणी टपकत होतं.

"काय झालं व, मावशी?" कमलाबाई.

"काही नाही," आई म्हणाल्या. "तेल जास्त झालं." आणि वाटी म.पुढे धरली. "लाव बाई. खालून वर लावाचं. कोनाले सोडू नको."

म.ने लावलं. सातही जणींना. शेवटच्या आसरेवर तळवा जरा जास्त वेळ टेकवून ठेवला. मग तोच हात पोटावर. हिरव्या साडीवर पाच बोटं.

घरी आल्यावर आई ओसरीवर बसल्या. मी जवळ गेले.

"मले सांगाचं होतं."

"तुम्ही नाही म्हटलं असतं."

"हाव. नाहीच म्हटलं असतं." पदराने तोंड पुसलं. मग अगदी हळू, "शोभा, माह्ये ते दोघं... एक दात आल्यावर गेला, न् एक..." आणि हात हलवला, माशी वारावी तसा. "जाऊ दे. चहा ठेव."

त्यांच्याही मनात आलंय. मी नाही सांगितलं. आपणहून आलंय.

१५ नोव्हेंबर

रिपोर्ट नाही. डॉक्टरबाई म्हणतात एक-दोन दिवसांत. म.च्या पायाला सूज. बाळ फिरतंय, ती माझा हात धरून नेऊन ठेवते, आता मी ठेवू देते. तेरेझाचा फोटो आला, ढलपी उंच फळीवर, काचेच्या पेटीत. लिहिलंय, मुलगी कशी आहे? काय उत्तर देऊ, ते दिवसभर बघतेय.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळीच कमलाबाई अंगणात. "मावशी, शेवटच्या आसरावर पोरीचा पंजा उमटला! पाची बोटं. जसेच्या तसे. आसरानं हात धरला पोरीचा." मागून आलेली दुसरी बाई म्हणाली, "धरला कुठं, झिडकारला म्हणा. रंग आंगाले लागूच दिला नाही तिनं."

मी जाऊन बघितलं. खरंच आहे. शेंदूर वाहतो, वाळता वाळता सपाट होतो, त्यावर हाताची खूण राहत नाही. गेरू दाट होता, जिथल्या तिथे वाळला. मयूरीचा तळवा, रेषांसकट. बाकीच्या सहाजणींवर आताच फिका पडलाय, खालचा शेंदूर दिसायला लागलाय. तो पंजा तेवढा स्पष्ट. मला कारण माहीत आहे, तरी अंगावर काटा आला.

म. म्हणाली, "आई, फोटो काढ न." काढला नाही.

आईंनी कमलाबाईंना 'हो' म्हटलं नाही, दुसरीला 'नाही' म्हटलं नाही. आत आल्या, देवघरातली वाटी घेतली, माझ्यासमोर ठेवली. रिकामी. डबीतला गेरू विहिरीवरच संपला होता.

"आज कोनता कालवू?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला असं कधी विचारलं नव्हतं. वाटी मध्ये, त्या पलीकडे. म. दाराला टेकून, पाठीशी हात. हे दुकानात जायला निघालेले, चप्पल घालता घालता थांबले. चिखलीहून फोन दुपारी येईल, डॉक्टरबाई म्हणाल्यात.

खऱ्या शेंदराची ती बांधून ठेवलेली पिशवी आईंनी मागितली तर द्यावी लागेल. नाही मागितली तर पुढचं सगळं माझ्या हाताचं.

"थांबा," म्हटलं, "आणते."

स्टुडिओत आले आहे. गेरू समोरच सापडला. हळद मी कुठे ठेवली, आठवत नाही.